सीजीपीए ६.४, बारावीला ५७ टक्के आणि जाहिरातीत ‘किमान ६०’: अर्ज कुठे करायचा, कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण, सीजीपीए ६.४, बारावीला ५७ टक्के. दुसऱ्या वर्षी दोन एटीकेटी होत्या, त्या निघाल्या. आता जी जाहिरात उघडावी तिच्यात ‘किमान ६० टक्के’. अर्ज करावा की नाही?

करावा. पण सगळीकडे नाही, आणि एकाच पद्धतीने तर मुळीच नाही. ‘किमान ६० टक्के’ ही ओळ सगळीकडे सारखीच छापलेली दिसते, पण तिचा अर्थ जागोजागी बदलतो. काही ठिकाणी तो नियम असतो, तिथल्या मोठ्या साहेबालाही मोडता येत नाही. काही ठिकाणी अर्जांचा ढीग कमी करायची ती एक चाळणी असते. आणि काही ठिकाणी मागच्या वर्षीची जाहिरात जशीच्या तशी उचलून लावलेली असते, तिच्यासोबत ही ओळही आलेली असते. म्हणून अर्ज भरायच्या आधी एवढंच शोधायचं: ही अट घातली कोणी, आणि ती तपासणार कोण, माणूस की संगणक?

त्याच्याही आधी, तुमचे टक्के नेमके किती? यात फार जण फसतात. ६.४ ला सरळ १० ने गुणलं तर ६४ टक्के होतात. सीबीएसईच्या दहावीसाठी जे ९.५ वापरलं जायचं ते लावलं तर ६०.८. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) सूत्राप्रमाणे सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० ने गुणलं तर ५६.५. गुणपत्रिका एकच, पण दोन हिशेबांत तुम्ही पात्र आणि तिसऱ्यात अपात्र. यातलं तुमचं सूत्र कोणतं हे मित्राला विचारून ठरत नाही. तुमच्या विद्यापीठाने तुमच्या प्रवेशवर्षाच्या पॅटर्नसाठी जे सूत्र ठरवलंय तेच चालतं. ते बहुतेक वेळा गुणपत्रिकेच्या मागे किंवा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात असतं. कॉलेज स्वायत्त असेल तर त्यांचा नियम वेगळा असू शकतो, त्यामुळे आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा आणि मग गरज पडली तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात जा. सही-शिक्क्याचं टक्केवारी रूपांतराचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि त्याच्या चार प्रती काढून ठेवा. सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर हा कागद नसल्यामुळे माघारी आलेली मुलं कमी नाहीत.

खासगी कंपनीच्या फॉर्ममध्ये सीजीपीए भरायची सोय असेल तर सीजीपीएच भरा, उगाच रूपांतर करू नका. फॉर्मवरच ‘१० ने गुणा’ असं लिहिलेलं असेल तर गुणा, तो त्यांचा नियम आहे. मात्र ५९.६ चे ६० कधीच करू नका. बँकांच्या भरतीच्या जाहिरातीत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की ५९.९९ टक्के हे ६० पेक्षा कमीच धरले जातील.

दहावीचाही एक घोळ असतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची टक्केवारी येते. काही मोठ्या कंपन्या मात्र सगळे विषय धरून टक्के मागतात. समजा सहा विषयांत ६०० पैकी ३५२ गुण आहेत आणि सगळ्यात कमी विषयाचे ४३. पाच विषयांचे झाले ५०० पैकी ३०९, म्हणजे ६१.८ टक्के. सहाही धरले तर ५८.६७. जाहिरातीखालच्या बारीक अक्षरात कोणता हिशेब सांगितलाय तो आधी वाचा. तिथेच ‘थ्रूआउट’ हा शब्द असेल तर दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी या प्रत्येक टप्प्याला ६० हवेत. तुमच्या बाबतीत अडतं ते बारावीवर, आणि सीजीपीए कितीही वर नेला तरी बारावी बदलत नाही. हे एकदा मनाशी पक्कं केलं की निम्मी धावपळ वाचते.

आता अट घालणाऱ्यांकडे वळू.

सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या आणि रिझर्व्ह बँकेसारख्या संस्था यांच्याकडे टक्के हा नियम आहे. आपल्या फताटेवाडीजवळ एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प आहे, तिथे लागावं असं जिल्ह्यातल्या बऱ्याच मुलांना वाटतं. पण ‘गेट’ या इंजिनिअरिंगच्या परीक्षेमार्फत होणाऱ्या एनटीपीसीच्या इंजिनिअर भरतीत पदवीला किमान ६५ टक्के मागितले जातात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ५५, ओबीसींना मात्र टक्क्यांत सूट नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी पदाला पदवीचे ६० टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ५०. इथे ओळख, पत्र, विनंती काहीही चालत नाही. बसत नसाल तर अर्ज करू नका. फी जाते, अभ्यासाचे महिने जातात, आणि परीक्षा पास होऊन कागदपत्रांवर बाद होणं जास्त लागतं.

पण सरकारी म्हटलं की सगळीकडे टक्के लागतात, हा गैरसमज मुलांचं फार नुकसान करतो. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, यूपीएससीचीच इंजिनिअरिंग सेवा परीक्षा, एमपीएससीची राज्यसेवा (वित्त व लेखा सेवेसारखं एखाद-दुसरं पद सोडून), एसएससीची म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची सीजीएल (एक-दोन सांख्यिकीची पदं सोडून), एसएससीची ज्युनिअर इंजिनिअर, रेल्वेची ज्युनिअर इंजिनिअर, आयबीपीएसची पीओ म्हणजे बँक अधिकाऱ्याची परीक्षा, यातल्या कशालाच पदवीच्या टक्क्यांची किमान अट नाही. पदवी हवी, वय हवं, बास. फॉर्ममध्ये टक्के भरायला सांगतात, पण पात्रता त्यावर ठरत नाही. गेट परीक्षेला बसायलाही टक्क्यांची अट नाही. अट येते ती पुढे, त्या गुणांवर भरती करणाऱ्या कंपनीची.

दुसरा प्रकार म्हणजे मोठ्या आयटी आणि इतर कंपन्यांची फ्रेशर भरती. इथे संगणक तपासतो. ५७ टाकलं की पुढचं पान उघडतच नाही. आणि मग मनात येतं, ६० टाकून बघू, परीक्षेत चांगले मार्क पडले तर कोण बघतंय? बघतात. रुजू व्हायच्या आधी किंवा रुजू झाल्यावर काही आठवड्यांत बाहेरच्या एजन्सीकडून पडताळणी होते, गुणपत्रिका मंडळाकडून आणि विद्यापीठाकडून ताडून घेतल्या जातात. त्यात सापडलं की ऑफर रद्द होते, आणि पुढच्या कंपनीत ‘आधीची नोकरी का सुटली’ याला उत्तर उरत नाही. कमी टक्के घेऊन पुढे सरकता येतं. खोट्या टक्क्यांना माफी नाही.

या कंपन्यांची दारं कायमची बंद असतात असंही नाही. निकष दर वर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या बॅचच्या ग्रुपवरचा स्क्रीनशॉट प्रमाण मानू नका. शिवाय दीड-दोन वर्षांचा अनुभव झाला की पुष्कळ जागांवर टक्के विचारायचंच बंद होतं. मग विचारतात ते काम. म्हणजे ही अट मुख्यतः पहिल्या नोकरीला आडवी येते. पहिली नोकरी लहान कंपनीत असली तरी चालेल, काम खरं असलं पाहिजे.

कॅम्पसबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. कधी कधी कंपनी ५५ म्हणते आणि यादी आटोपशीर व्हावी म्हणून कॉलेजच ६० करतं. प्लेसमेंट अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारा, ‘सर, कंपनीच्या मेलमध्ये किती आहे?’ विचारण्यात गैर काही नाही. अट कॉलेजची निघाली तर तुमच्यासारखे पाच-सहा जण मिळून लेखी विनंती करा. एकट्याने केलेल्या विनंतीपेक्षा तिचा परिणाम जास्त होतो.

तिसरा प्रकार तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा: चिंचोळी एमआयडीसी, अक्कलकोट रोड एमआयडीसी, आणि पुण्याकडे भोसरी-चाकणमधल्या मध्यम आणि लहान कंपन्या. इथे ६० ही इच्छा असते. माणूस कामाचा दिसला तर पाच-सहा टक्क्यांनी अडवत नाहीत. अर्जांतली निम्म्याहून जास्त मेहनत इथेच घाला.

इथे चुकतं ते असं. मुलं बायोडाटा घेऊन गेटवर जातात, वॉचमनकडे किंवा टाइम ऑफिसला देतात आणि घरी येऊन फोनची वाट बघतात. तो कागद फाइलला लागतो. त्याऐवजी त्या कारखान्यात कोणता विभाग आहे, तिथला इनचार्ज कोण, हे आधी काढा. तुमच्या कॉलेजचा तीन-चार वर्षं पुढचा कोणीतरी तिथे असतोच. त्याला ‘काही असेल तर सांगा’ असं म्हणू नका, त्यात त्याने करायचं काय? पदाचं नाव, जाहिरातीची लिंक, एका पानाचा बायोडाटा आणि ‘मला हे हे येतं’ अशा तीन ओळी त्याच्या हातात द्या, म्हणजे त्याला तो संदेश तसाच पुढे ढकलता येईल. सोलापुरातल्या कारखान्यात मेलपेक्षा फोन आणि प्रत्यक्ष भेट चालते. पुण्याच्या कंपनीला मात्र मेल, आणि तो इंग्रजीतच. चाकणला वॉक-इन असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका. पुणे स्टेशनपासून चाकण आणखी तीसएक किलोमीटर आहे. पोहोचेपर्यंत नोंदणी आटोपलेली असते. आदल्या रात्री जा.

मेलचा मजकूर असा असावा (पाठवताना इंग्रजीत): ‘क्वालिटी इन्स्पेक्टर पदाच्या आपल्या जाहिरातीला अनुसरून अर्ज करत आहे. ड्रॉइंग वाचणं, व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि हाइट गेजवर मोजमाप, तपासणीचा अहवाल तयार करणं ही कामं मी प्रशिक्षणात केली आहेत. अहवालाचा एक नमुना सोबत जोडला आहे. माझा सीजीपीए ६.४ आहे, शेवटच्या दोन सत्रांचे एसजीपीए ७.४ आणि ७.६. आपल्या सोयीने प्रात्यक्षिक चाचणी द्यायला तयार आहे.’ एवढंच. टक्क्यांचा उल्लेख एकदाच, शेवटाकडे आणि स्वच्छ. सुरुवातच ‘माझे टक्के कमी आहेत, पण...’ अशी केली तर वाचणाऱ्याच्या मनात तेवढंच राहतं. चाचणीची तयारी दाखवणारं वाक्य मात्र गाळू नका. समोरच्या माणसाला टक्क्यांशिवाय तुम्हाला पारखायचा दुसरा मार्ग तेच वाक्य देतं.

बायोडाट्यावर सीजीपीए लिहायचा का? जाहिरातीत मागितला असेल तर लिहायचा. मागितला नसेल आणि तो कमी असेल तर पदवी, कॉलेज, वर्ष एवढं पुरे. त्याला लपवणं म्हणत नाहीत. विचारलं की लगेच खरा आकडा सांगायचा. शेवटच्या सत्रांचे आकडे देत असाल तर ते सत्राचे आहेत हे शेजारी लिहा, नाहीतर वाचणारा तो सीजीपीए समजेल आणि पुढे तुमच्यावर खोटेपणाचा ठपका येईल.

‘कष्टाळू, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ ही ओळ काढून टाका. तिच्या जागी काम लिहा. प्रोजेक्टमध्ये ड्रिलिंगचं फिक्स्चर केलं असेल तर कोणत्या जॉबसाठी, किती छिद्रांचं, सेटिंगची वेळ किती मिनिटांवरून किती मिनिटांवर आली, हे लिहा. आकडे खरे हवेत, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

आणि एक गोष्ट सोलापूरची मुलं हमखास गाळतात. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत यंत्रमाग आहेत. कॉलेज करता करता मुलगा संध्याकाळची पाळी सांभाळतो, माग बंद पडला तर फिटर येईपर्यंत स्वतः खटपट करून चालू करतो, सुताचा हिशेब ठेवतो, टॉवेलच्या गाठी ट्रान्सपोर्टला लावतो. बायोडाट्यात यातलं अक्षरही नसतं, कारण ‘ते घरचं काम आहे’. अहो, मेंटेनन्स आणि प्रॉडक्शन म्हणजे दुसरं काय? ‘कुटुंबाचा यंत्रमाग कारखाना, आठ माग, चार वर्षं रोज चार तास, देखभाल आणि उत्पादनाची नोंद’ अशी ओळ लिहा. तुमच्या कमी टक्क्यांचं कारणही तीच ओळ न सांगता सांगून जाते. रेडिमेड गणवेशाच्या कारखान्यात कटिंग सांभाळलं असेल, किराणा दुकान चालवलं असेल, तेही लिहा. ज्या कामाची लाज वाटून तुम्ही ते झाकता, त्याच कामाकडे बघून कारखानदार तुम्हाला बसायला सांगतो.

मुलाखतीत काय होतं? क्वालिटी किंवा शॉप फ्लोअरच्या जागेला बऱ्याचदा हातात जॉब आणि व्हर्निअर देतात, ‘व्यास सांग’ म्हणतात. ६५ टक्केवाला थेट माप सांगतो. तुम्ही आधी जबडे पुसा, मिटून शून्य जुळतं का बघा, नसेल तर शून्य त्रुटी बोलून दाखवा, दोन ठिकाणी माप घ्या आणि मग सांगा. साधारण व्हर्निअर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचतं, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत, ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) ०.०१ चा असेल तर ‘हे व्हर्निअरवर मोजून चालणार नाही, मायक्रोमीटरसुद्धा काठावर आहे, याहून बारीक वाचणारं साधन लागेल’ असं म्हणता आलं पाहिजे. सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या) जागेला जी००, जी०१ या आज्ञांमधला फरक विचारतात: पहिल्यात टूल नुसता वेगाने जागेवर जातो, दुसऱ्यात दिलेल्या फीडने कापत जातो. कटिंगच्या ओळीत चुकून जी०० पडलं तर काय होईल, हेही सांगा. टूल जॉबवर आदळेल. एवढ्या चार-पाच गोष्टी हाताला बसवायला आयटीआयच्या किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर रोज दोन तास पुरतात.

‘मार्क का कमी?’ हा प्रश्न येणारच. उत्तर अर्ध्या मिनिटाचं, तीन वाक्यांचं. ‘दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, घरच्या कामात अभ्यासाचं नियोजन चुकलं. तिसऱ्या वर्षापासून वेळ ठरवून घेतला, दोन्ही विषय पुढच्याच प्रयत्नात काढले. शेवटच्या दोन सत्रांत साडेसातच्या आसपास आहे.’ आणि थांबा. पेपर तपासणीला, सरांना, विद्यापीठाला दोष देऊ नका. समोरच्याला त्यात उद्याच्या तक्रारी ऐकू येतात. आजारपण किंवा घरातली अडचण खरी असेल तर एका वाक्यात सांगा, गळा काढू नका. आणि ‘सध्या एकही विषय बाकी नाही’ हे स्वतःहून सांगा. जुनी निघालेली एटीकेटी बहुतेक ठिकाणी चालते, चालू बाकी असलेली नाही.

अप्रेंटिसशिपचा रस्ताही आहे. केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ पोर्टलवर पदवीधर आणि डिप्लोमाधारकांची एका वर्षाची अप्रेंटिसशिप निघते, विद्यावेतन मिळतं, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. सार्वजनिक कंपन्या इथे बऱ्याचदा गुणवत्ता यादी लावतात, तिथे टक्के आडवे येतात. खासगी कारखान्यांत तसं कमी. क्रम मात्र सांभाळा. एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव झाला की साधारणपणे या अप्रेंटिसशिपला अपात्र ठरता. म्हणजे अप्रेंटिसशिप आधी, नोकरी नंतर. उलट केलंत तर ही संधी जाते.

बी.कॉम.वाल्यांना हेच लागू आहे, फक्त हत्यारं वेगळी. सीएच्या ऑफिसात टॅली उघडून खरेदीची नोंद करायला सांगतात. जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची तारीख ११, जीएसटीआर-३बी ची २०, टीडीएस भरायची ७, हे मासिक वेळापत्रक तोंडावर असलं की टक्क्यांचा विषय निघतच नाही.

पुढे शिकून टक्के झाकता येतील का? एमबीए, एमसीएच्या सीईटी प्रवेशाला पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ पुरतात, म्हणून मुलं तिकडे वळतात. शिकायचं असेल तर जरूर शिका. पण ‘थ्रूआउट ६०’ मागणारी कंपनी एमबीएनंतरही बारावी बघणार आहे, हे लक्षात घेऊनच फी भरा. क्लास इम्प्रूव्हमेंटची (श्रेणी सुधारायला पुन्हा परीक्षा देण्याची) तरतूद तुमच्या पॅटर्नला आहे का, हे परीक्षा विभागात विचारा. असेल आणि तुमच्या विद्यापीठाच्या सूत्राप्रमाणे दोन-तीन दशांशांनीच ६० हुकत असतील तर करा. त्याहून लांब असाल तर तोच वेळ हातातल्या कौशल्यावर घाला.

‘टक्के कमी आहेत? हिंजवडीत बॅकडोअर लावून देतो’ म्हणणारे याच वयाच्या मुलांना गाठतात. नोकरीसाठी डिपॉझिट मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. पैशात विकत मिळणारा अनुभवाचा दाखला तर घेऊच नका; पीएफच्या यूएएन क्रमांकावर खरी नोकरी किती दिवसांची होती ते दिसतं, आणि कंपन्या ते बघतात. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी.

आठवड्याला नीट तयार केलेले आठ-दहा अर्ज पुरेत. वहीत तारीख, कंपनी, पद, अट कोणाची, कोणाशी बोललात हे लिहा, आणि सात दिवसांनी एकदा आठवण करा. तिसऱ्या प्रकारच्या कंपन्यांत तीसएक अर्ज करूनही एकही फोन आला नाही तर दोष बायोडाट्यात आहे, तो बदला. फोन येतात पण मुलाखतीत अडतं असं असेल तर व्हर्निअर हातात घ्या आणि मित्रासमोर बसून बोलायचा सराव करा.

आणि नोकरी लागली की रुजू होताना जो फॉर्म देतात, त्यातले आकडे अर्जातल्या आकड्यांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. बारावीला ५७.१७ असेल तर ५७.१७ लिहा, ५७ नाही आणि ५८ही नाही. सोबत रूपांतराच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा.